चकती धुतलेलीच होती

“तुमी या चकतीला आंघोळ घालता म्हणं. मग ती निर्मळ झाली हे काय तीच सांगती व्हय?”

पौडच्या शाळेत, भरल्या वर्गात मी हे विचारलं, कारण मैत्रिणींनी डिवचलं होतं. दुसऱ्या दिवशी नववीचे फॉर्म द्यायचे होते. घरच्यांनी माझ्यासाठी शिवणकाम ठरवलेलं. मला हवं होतं शास्त्र, पण त्या वर्गात एकही मुलगी नव्हती. त्यातली कमरबी म्हणाली, माझ्या भावाला एक प्रश्न विचारायची छाती नाही, तू त्या पोरांत काय बसणार?

तिचे भाऊ सिराजभाई पुण्याला प्रयोगशाळेत होते. ट्रान्झिस्टर ज्याचा करतात त्या सिलिकॉनच्या दोन चकत्या त्यांनी आम्हाला दाखवायला आणल्या होत्या. बत्ताशाएवढ्या, आरशासारख्या.

ते हसले. म्हणाले, ती नाही, पाणी सांगतं. चकती स्वच्छ असली की पाणी तिच्यावर सलग पसरतं. डोळ्यांना न दिसणारा तेलाचा अंश असला तरी तिथून अंग चोरतं. त्यांनी चिमट्याने चकती धरली, पेल्यातल्या पाण्यात बुडवून वर काढली. पाण्याचे थेंबच थेंब, अळूच्या पानावर होतात तसे.

मागच्या बाकावरून हैबत म्हणाला, “पुण्याला पाण्याची टंचाई हाय वाटतं.”

पोरं फिदीफिदी हसली. सिराजभाईंचे कान लाल झाले. चकती धुतलेली आहे असं त्यांनी दोनदा सांगितलं, पण ऐकतंय कोण.

पेला मात्र मी भरला होता. शाळेत पाहुणे येणार म्हणून आईने सकाळी माझ्या डोक्यात वाटीभर तेल जिरवून वेण्या घातलेल्या. त्या चाचपत चाचपत मी गेले, आणि चार बोटं आत घालूनच पेला उचलून आणला. गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण मग शास्त्राच्या वर्गात कोणत्या तोंडाने बसायचं?

मी उभी राहिले. “चकती निर्मळ हाय. पाणी तेलकट हाय. माझी बोटं बुडली व्हती त्यात.”

आता हसणं माझ्यावर आलं. येऊ दे म्हटलं. राखेने हात घासले, पेला घासला, पंपावर दहा वेळा खळबळला आणि नवं पाणी आणलं. सिराजभाईंनी दुसरी चकती बुडवली. ती वर आली तेव्हा पाणी तिच्यावर सायीसारखं सलग. मग त्यांनी मला वेणीला हात लावून चकतीवर एक बोट टेकवायला सांगितलं आणि चकती परत बुडवली. बरोब्बर बोटाएवढी जागा कोरडी! बघायला हैबत बाकावर चढला. सिराजभाई म्हणाले, आमच्याकडे एवढी चूक शोधायला दोन दिवस जातात, कारण कबूल कुणीच करत नाही.

घरी आले तर आप्पा बियाण्याचं भात पाखडत होते, आई चुलीपाशी. दप्तरही खाली ठेवलं नाही.

“आप्पा, आई, मी शिवणकाम घेणार न्हाई, शास्त्र घेणार हाय. त्या वर्गात पोरी न्हाईत म्हणून सांगू नका. उद्यापासनं एक हाय.”