ऑरिनची बारावी पुंगळी

मित्रांनो, मी एक जुनी डाय, म्हणजे साचा, आहे. अंगठ्याएवढी उंच, पोलादाची आणि आतून पोकळ. बंदुकीतून गोळी सुटली की काडतुसाची पितळी पुंगळी थोडी फुगते. ती माझ्या पोटात दाबली की पुन्हा मूळ मापावर येते आणि नव्याने भरता येते. एवढेच माझे काम. पण ते केसभरही चुकून चालत नाही.

माझा जन्म अमेरिकेतल्या मोंटानात, रेल्वेच्या कारखान्यात झाला. हाल्व्हर टॉर्गर्सन नावाच्या कारागिराने जेवणाच्या सुट्टीत मला लेथवर कातले, कारण त्याच्या बंदुकीच्या मापाची डाय कोणत्याच दुकानात मिळत नव्हती. काय माणूस होता! दर वापरानंतर तो मला टर्पेंटाइनने धुई, मऊ चिंधीने पुसी आणि खिडकीकडे धरून आरपार बघे. पलीकडे खिडकीची काच लख्ख दिसली की तेलाचे बोट फिरवून डबीत ठेवी. चाळीस वर्षांत त्याने हा नेम एकदाही मोडला नाही.

हाल्व्हर गेला आणि मी शेडमधल्या फळीवर पडून राहिले. त्याचा मुलगा ऑरिन अधूनमधून मला वापरी, पण पुसणे म्हणजे काय हे त्याच्या गावीही नव्हते.

नऊ वर्षे अर्ज केल्यावर यंदा हाल्व्हरच्या मुलीचे, वेर्लाचे, एल्क या थोराड हरणाच्या शिकार-परवान्याच्या सोडतीत नाव लागले. जायचे तर बाबांचीच बंदूक घेऊन, असे तिने ठरवले. पण माझ्यातून निघालेल्या प्रत्येक पुंगळीवर उभा, खोल चरा! अशी पुंगळी बंदुकीत फाटू शकते. मोसम चार दिवसांवर आला होता. मला तर मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"डाय संपली," ऑरिन म्हणाला. "म्हातारी झाली बिचारी. तू माझी बंदूक ने आणि बाबांची भिंतीवर टांग."

ऑरिनने वसंतात भरलेला काडतुसांचा खोका वेर्लाने उघडला आणि रांगेने एकेक नग उजेडात धरला.

"पहिल्या अकरा पुंगळ्या स्वच्छ आहेत. बारावीपासून चरे. बारावीला काय केलंस रे?"

"मी? मी कशाला काय करतोय!"

"ऑरिन."

"अगं, पुंगळी हातातून सटकली. खाली वाळू होती. पण पुसली ना मी!"

"कशानं?"

"पँटला."

"आणि ती पँट कधी धुतली होतीस?"

साठीचा ऑरिन खिडकीबाहेर बघू लागला.

वेर्लाने माझे भाग सुटे केले, मला धुतले आणि आत टॉर्च मारला. "पोलादाला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "वाळूनं पितळ खरवडलंय आणि ते आत चिकटून बसलंय." मग तिने एका काडीला कापूस गुंडाळला, त्यावर पॉलिश लावले आणि माझ्या पोटात हळूहळू फिरवू लागली. थोडे फिरवायचे, पुसायचे, बघायचे. घाई करून जास्त घासले असते तर माझे मापच बिघडले असते. तिने दोन दुपारी यात घातल्या. हात हुबेहूब बापाचा!

तिसऱ्या दिवशी तिने एका पुंगळीला तेल लावून ती माझ्यात दाबली, बाहेर काढली आणि बोटांत फिरवली. एकही चरा नव्हता. वेर्ला खुदकन हसली. मी तर धन्य झाले.

तिने पाच काडतुसे भरली. शिकारीला एकच पुरले. हिवाळाभराचे मांस घरात आले.

आपला वाटा न्यायला ऑरिन आला, तेव्हा वेर्लाने आधी त्याच्या हातात मला आणि एक चिंधी ठेवली. त्याने मला पुसले, खिडकीकडे धरले आणि बराच वेळ आरपार बघत राहिला.

"दिसतेय गं काच," तो म्हणाला. "बाबांना दिसायची तशी."

ती बारावी पुंगळी आता आठवण म्हणून माझ्याच डबीत असते. मित्रांनो, आम्हा वस्तूंना बोलता येत नाही. म्हणून एवढेच मागते: आम्ही म्हाताऱ्या झालो असे म्हणण्याआधी आम्हाला एकदा नीट पुसून बघा.