पांड्याची बाटली

जरिनाने काचपट्टीवर थेंब सोडला आणि घड्याळाकडे पाहिलं. दहा मिनिटांत पेशींवर तपकिरी रंग उमटायला हवा होता. पंधरा झाली, वीस झाली. काचपट्टी आपली कोरीच.

नाथाजी दाराशी उभा होता. सांगलीच्या त्या कॉलेजात तो प्रयोगशाळेचा शिपाई. सगळे त्याला मामा म्हणत. गाव वडूज, पलटणीतून निवृत्त झालेला. पांड्या हा ससा त्याचा जीव की प्राण. वर्षभर त्याने पांड्याला लसूणघास चारला आणि जरिना पेशीतलं कायनेज नावाचं प्रथिन पांड्याला टोचत राहिली. पांड्याच्या रक्तात त्या प्रथिनाला हुडकून काढणारी अँटिबॉडी तयार झाली. गेल्या महिन्यात त्याचं सगळं रक्त काढून घ्यावं लागलं. तेव्हा नाथाजीनेच त्याला धरलं होतं. नंतर दोन दिवस नाथाजी जेवला नाही.

त्या अँटिबॉडीला जरिनाने रंग आणणारं एन्झाइम जोडलं. वर्षाची सगळी मेहनत एका लहानशा बाटलीत मावली.

“आला का रंग, बाई?”

“अजून नाही, मामा.”

“यील की. बाटली लय जपलीया म्या. कुजू नये म्हणून सगळ्या बाटल्यांत दवा टाकतो न्हवं, तसं हिच्यातबी पयल्याच दिवशी टाकली. पांड्याचं रगात वाया जाऊ दिलं न्हाई.”

जरिनाचा हात जागीच थांबला. ती दवा म्हणजे अझाइड. साध्या सीरममध्ये ते जंतू मारतं. इथे अझाइडने रंग आणणारं एन्झाइमच मारलं होतं. मामाला हे सांगायचं तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तिला ओरडावंसं वाटलं आणि लगेच रडू आलं.

“माझंच काहीतरी मोजमाप चुकलं,” ती म्हणाली.

कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात पांड्याचा धाकटा भाऊ घास कुरतडत होता. रंग आला की त्याला वडूजला नातीकडे न्यायचं ठरलं होतं.

“म्हंजी आता ह्येची पाळी?”

तिने खाली बघत होकारार्थी मान हलवली.

नाथाजी घरी गेल्यावर तिने अझाइडची बाटली त्याच्या फळीवरून उचलली आणि आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

सकाळी ती आली तेव्हा तो फळीसमोर उभा होता. बाटलीच्या जागी धुळीत गोल खूण राहिली होती. त्याने कपाटाच्या कुलपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पिंजरा उघडून त्याने धाकट्याला छातीशी घेतलं, टेबलावर आणून अलगद धरलं. तिने पहिली सुई टोचली.

मग तो बाटल्या विसळायला गेला. बारा वर्षं त्याच नळाखाली तो त्या विसळत आला होता. नळ सोडला आणि लगेच बंद केला.

“बाई,” ओल्या हातांनी तो तिच्यापाशी आला, “ह्ये नुस्तं पानी हाय. ह्येनं धुऊ न्हवं बाटल्या?”