लाटसाहेबाला पाडणारी पायरी

मित्रांनो, जरा बेताने चढा. मी एक जुना लाकडी जिना आहे, आणि साधासुधा नाही बरं का! सातासमुद्रापलीकडून राज्य करायला आलेल्या लाटसाहेबाला मी सगळ्यांसमोर पाडलं आहे. आज त्याच्या या कोठीचं वस्तुसंग्रहालय झालं आहे. लोक लांबून येतात, त्याची खुर्ची बघतात, तलवार बघतात. खुशाल बघू देत. तिथे जायला माझ्यावरूनच जावं लागतं.

मला घडवलं दोन सुतार भावांनी. मेजवानीच्या आत जिना उभा पाहिजे, असा साहेबाचा हुकूम होता. म्हणून थोरल्याने खालून पायऱ्यांसाठी खाचा पाडायला घेतल्या, धाकट्याने वरून. प्रत्येकी दहा पायऱ्या, आणि मधली अकरावी दोघांनी मिळून बसवायची. आपल्या प्रत्येक पायरीखाली थोरला गोल कोरायचा आणि धाकटा फुली. मापकाठ्याही आपापल्या. थोरल्याला मात्र एक खोड होती. बोलता बोलता तो काठी जमिनीवर आपटायचा. "अरे, रंधा हळू मार." ठक! "तिरपं धरू नकोस." ठक! आपटून आपटून काठीचं टोक झिजलं होतं, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यामुळे त्याची प्रत्येक पायरी सूतभर, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाइतकी, बुटकी झाली. दहा पायऱ्यांची दहा सुतं साठली, ती सगळी अकरावीच्या वाट्याला आली आणि ती दोन बोटं उंच बसली.

मेजवानीच्या दिवशी साहेब नाक वर करून चढू लागला. अकराव्या पायरीला बूट अडकला आणि स्वारी सपशेल पालथी! टोपी गडगडत पार खाली गेली. "कुणाची चूक ही?" साहेब गरजला. दोघा भावांची पाचावर धारण बसली होती.

तरी थोरला म्हणाला, "माझी."

"नाही साहेब, माझी," धाकटा पुढे आला.

"गप रे! तो उगाच बोलतोय. माझीच."

दोघं एकमेकांना मागे ढकलत राहिले. वर पाहुणे खोळंबले होते. "नंतर बघतो," म्हणून साहेब निघून गेला, आणि ते नंतर काही उजाडलं नाही. पाहुणे पांगल्यावर थोरला जिन्याखाली शिरला आणि त्याने अकरावीखाली आपला गोल कोरला. धाकट्याने त्याच्या हातातली पटाशी काढून घेतली आणि शेजारी फुली कोरली. तेव्हा माझं लाकूड नुसतं भरून आलं होतं.

पुढे साहेब गेले, राज्य गेलं. दारावर पाटी मात्र राहिली: 'ही कोठी लाटसाहेबाने बांधली.' अरे, त्याने कधी हातोडा तरी धरला होता का? माझ्या पोटातली झाडू ठेवायची खोली उघडून बघायला कुणाला सवड नव्हती. सवड काढली ती इथल्या गाइडबाईंनी. त्या गोलांवर आणि फुल्यांवर बोट फिरवत बसायच्या. दहाव्या पायरीवर पाहुण्यांना थांबवून म्हणायच्या, "आता पाय दोन बोटं जास्त उचला. लाटसाहेबाला हे कुणी सांगितलं नव्हतं!"

एकदा त्या रजेवर होत्या आणि नेमके एक आजोबा अडखळले. गुडघा फुटला, तक्रार गेली. चूक माझीच होती, नाही म्हणत नाही. चार दिवसांत इंजिनिअर आले, टेप लावला आणि म्हणाले, "एक माप धड नाही. काढून टाकू, सिमेंटचा करू."

दोघा भावांचं जगात माझ्याशिवाय काय उरलं होतं?

"साहेब, एकदा खालून बघा ना," गाइडबाईंनी झाडूची खोली उघडली. इंजिनिअर कुरकुरत वाकले. गोलाच्या पायऱ्या मोजल्या, मग फुलीच्या. मग पुन्हा मोजल्या आणि झाडूंमध्येच बसकण मारली.

"अहो बाई, गोलवाल्या दहाही सारख्या आहेत, फुलीवाल्या दहाही सारख्या! दोघांच्या काठ्या वेगळ्या होत्या, हात कुणाचाच चुकलेला नाही. आज यंत्र लावूनही मला असं काम मिळत नाही."

"मग अकरावीखाली दोन्ही खुणा का?"

इंजिनिअरांनी मान वर करून त्या दोन खुणा पाहिल्या. "चूक दोघांनी वाटून घेतली असणार," ते म्हणाले. "राहू दे हा जिना."

माझा जीव भांड्यात पडला. आता अकरावीवर चकचकीत पितळी पट्टी आहे आणि दारावरच्या पाटीत एक ओळ वाढली आहे: 'जिना दोन सुतारांनी घडवला.' ते भाऊ होते, हे मला ठाऊक होतं, आता तुम्हालाही कळलं. तलवार बघायला जाणारा प्रत्येक जण आधी त्यांच्या पायरीपुढे मान खाली घालतो आणि मग पाय उचलतो. माझी छाती फुगते ती तेव्हा.

तेव्हा मित्रांनो, जुनी वास्तू बघायला गेलात की दारावरची पाटी वाचाच, पण जिन्याखालीही वाकून बघा. आणि एवढं ऐका, खिळ्याने माझ्यावर आपली नावं कोरू नका. ज्यांना तो हक्क होता, त्यांनीही इथे नुसते गोल आणि फुल्याच कोरल्या आहेत.