तीन खाडे

गाणाऱ्या पार्टीनं आठवड्यातून किती वेळा तालमीला बसावं, हे मला कुणी विचारू नये. त्याचं उत्तर मी एकदा देऊन बसलोय. लेखी दिलंय. माझ्या अक्षरातला तो कागद आमच्या विहाराच्या भिंतीवर आजही टांगलेला आहे. त्याला एका जागी भोक आहे. ते कसं पडलं तेवढं सांगतो.

आमची सात जणांची पार्टी. सोलापुरात आणि आसपासच्या गावांत जयंतीचे, लग्नाचे, पुण्यानुमोदनाचे कार्यक्रम करतो. कीबोर्ड यशपालचा, म्हणून पार्टी यशपालची. तो क्लार्क आहे, त्याला श्वास घ्यायचा तरी रजिस्टर लागतं. मी धर्मपाल, ढोलकीवाला. दिवसभर दुकानात जळालेल्या मोटारींना तारा भरतो आणि त्याच बोटांनी ढोलकी वाजवतो. मला कुणी शिकवलं नाही, त्यामुळं मला लई येतं असा माझा समज होता. पुढं गाणारी कीर्ती, सव्वीस वर्षांची. तिची गाणी लोक मोबाईलवर बघतात, म्हणून बॅनरवर फोटो तिचाच. मागं कोरसला तिघी, त्यातली मधली नागूबाई.

नागूबाईला आम्ही आक्का म्हणतो. साठीला आलेली बाई. मुलांच्या एका वसतिगृहात दोन्ही वेळचा स्वयंपाक करते आणि बावीस वर्षं आमच्यात झील धरत होती. पुढच्यानं ओळ टाकायची, मागच्यांनी ती उचलायची, ती झील. ऐकणाऱ्याला वाटतं, म्हटलेलंच तर परत म्हणायचं, त्यात काय मोठं. बसून बघा एकदा. पुढच्याचा श्वास कुठं संपणार, तो ओळ कुठं अर्धी सोडणार, हे त्याच्या आधी झीलवालीला कळावं लागतं. आक्काला ते कीर्तीच्या मानेकडं बघून कळायचं.

तालीम रविवारी दुपारी तीनला असायची. त्या रात्री वसतिगृहात जेवण नसतं, म्हणून आक्काला जमायचं. बाकी कुणी येवो न येवो, सतरंजी अंथरलेली असायची आणि आक्का भिंतीला टेकून बसलेली असायची.

फेब्रुवारीत मोहोळला कार्यक्रम झाला. कीर्ती त्याआधी महिनाभर तालमीला फिरकली नव्हती. तिथं आमचं नेहमीचं गाणं चाललेलं, ‘माय माझी चुलीपुढं, लेक माझी शाळेत’. कीर्तीनं तिसरा अंतरा उडवला आणि थेट शेवटच्यावर उडी मारली. माझा हात जुन्याच हिशोबानं चाललेला. तोडा नको त्या ठिकाणी पडला आणि ठेका सुटला. पुढच्या खुर्च्यांवरची दोन माणसं हसली. आक्कानं तेवढ्यात ओळ उचलली आणि माझा हात जागेवर येईपर्यंत ती ताणून धरली. एका आवर्तनाचा खेळ. लोकांना वाटलं असणार, गाणं असंच आहे.

परत येताना जीपमध्ये मी विचारलं, “तिसरा अंतरा कुटं गेला, कीर्ती?”

“काका, लोक उठायला लागले होते. लांबवून काय करू?”

“आमाला सांगायचं तरी.”

“कधी सांगू, स्टेजवर?”

“तालमीत सांगायचं. विहार कुटं हाय म्हाईत हाय न्हवं?”

मागच्या सीटवरून आक्का म्हणाली, “धर्मा, तुजी ढोलकी सुटली तवा पोरीनं सूर सोडला न्हाय. तेवढं तरी धर की.”

सगळी जीप हसली. कीर्तीसुद्धा. मीही हसून सोडून द्यायला पाहिजे होतं. मी ते घरी घेऊन गेलो, उशाला घेऊन झोपलो, आणि सकाळी उठून नियम लिहायला बसलो.

आठवड्यातून एकदा बसणं म्हणजे न बसणं. आता सीझन सुरू होणार, रविवार कार्यक्रमांत जाणार. म्हणून एप्रिलपासून मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी सात ते साडेआठ. तीन खाडे झाले की पुढच्या कार्यक्रमातून नाव कमी. खाली लाल शाईनं लिहिलं, ‘कुणीही असो’. ती लाल शाई कीर्तीसाठी होती. आता शिस्तीच्या नावाखाली कितीही बोललो तरी खरं एवढंच आहे की मोहोळला माझी लाज गेली होती आणि मला ती कुणाच्या तरी नावावर लिहायची होती.

पुढच्या रविवारी कागद वाचून दाखवला. यशपाल खूश झाला. “ह्याला म्हणतात शिस्त, दादा. सगळ्यांच्या सह्या घे.” आणि त्याच बैठकीत त्यानं सांगितलं की एप्रिलच्या शेवटी दुधनीचं बोलावणं आलंय. बाजाराच्या मैदानात, मोठं स्टेज.

दुधनी आक्काचं माहेर. ती नुसता पदर सारखा करत राहिली. मग म्हणाली, “त्याच मैदानाच्या भित्तीमागं उभं राहून गानी ऐकायचो आमी. आत यायचं न्हाय म्हनून. बाप म्हनायचा, भिंत गानं अडवत न्हाय.” आणि हसली. बावीस वर्षांत पार्टी चार तालुके फिरली, दुधनीला कधी गेली नव्हती.

कागद तिच्यापुढं आला. तिची सही वसतिगृहातल्या पोरांनी शिकवलेली, अक्षर अक्षर सुटं.

“धर्मा, मंगळवारी सातला जमल का रे मला? आठाला पोरं ताट घिऊन उभी असत्यात.”

“लवकर टाक की भाकरी. नियम सगळ्यांना सारखाच हाय, आक्का.”

“सारखा हाय व्हय,” ती म्हणाली आणि सही केली.

मी तो कागद लॅमिनेट करून आणला आणि खिळ्याला टांगला. माझं अक्षर चांगलं आहे असं मला वाटायचं.

पहिल्या मंगळवारी आम्ही सतरंजी गुंडाळत होतो तेव्हा आक्का आली. धापा टाकत, हाताला पीठ तसंच. घड्याळात आठ वाजून चाळीस मिनिटं. यशपालनं रजिस्टर उघडून तिच्या नावापुढं खाडा मांडला. शुक्रवारीही तेच. त्यापुढच्या मंगळवारी ती आलीच नाही. तीन.

कीर्ती एकदाही आली नव्हती. तिच्या नावापुढं सगळीकडं हजर.

मी यशपालला बाजूला घेतलं. “ही कुटनं आली हजेरी?”

“ती घरी गाणं म्हणून ऑडिओ पाठवती, दादा. ती तालीमच की.”

“एकटीनं गाणं म्हणायचं ही तालीम व्हय? मग आक्काची पण धर. ती भाकरी थापता थापता म्हणती.”

“आक्कांनी ऑडिओ पाठवला का? त्यांचा मोबाईल बटणाचा.” तो हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “बॅनर छापायला गेलाय. फोटो कुणाचा हाय त्यावर? तिला कमी करून कुणाला पुढं उभं करू, तुला? आणि नियम तू लिवलायस. मी नुसता पाळतोय. राहिला तिसऱ्या कोरसचा प्रश्न, तर दोघींचा आवाज रेकॉर्ड करून मागं लावता येतो. आता सगळंच येतं इलेक्ट्रॉनिक पॅडमध्ये.” रजिस्टर मिटत म्हणाला, “ढोलकी पण येती, दादा.”

तो हे गोड बोलला. मी गप्प बसलो. समतेची गाणी गाणाऱ्या पार्टीतला, आयुष्यभर दुसऱ्यांना गप्प बसू नका म्हणून ठेका धरणारा मी, माझी ढोलकी जाईल म्हणून गप्प बसलो. नाव कमी केल्याचं आक्काला सांगायलाही मी गेलो नाही. ते यशपालनं फोनवर सांगितलं.

दुधनीला सहा वाजता पोचलो. मैदान भरलेलं. मी ढोलकी चढवत होतो तेव्हा एक वाळका माणूस स्टेजच्या पायरीशी आला. बाजारात पोती वाहून एक खांदा खाली गेलेला, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत पिशवी.

“अक्का एल्लिदाळ?” त्यानं कन्नडमध्ये विचारलं. मग मी न समजल्यागत बघतोय हे बघून मराठीत म्हणाला, “नागूआक्का कुटं हाय? मी सिदू, तिचा भाऊ. जयभीम.”

“जयभीम,” मी म्हणालो आणि ढोलकीची दोरी ओढत राहिलो.

“ते बघा, समदी आलीयात.” त्यानं पुढच्या रांगेकडं बोट दाखवलं. दोन सुना, नातवंडं, एक म्हातारी. अकरा खुर्च्या तरी असतील. “दुपारधरनं जागा धरून बसलोय. कमिटीला सांगितलंय, आक्काचं गानं झालं की मला दोन मिनिटं द्या. शाल आनलीय.”

तिनं त्याला कळवलंच नव्हतं. कोणत्या तोंडानं कळवणार होती? खरं सांगायला माझ्यापाशी वेळ होता, माणूस समोर होता, भाषा येत होती.

“तिला बरं न्हाय,” मी म्हणालो. “ताप हाय.”

त्याचं तोंड उतरलं. “लई हाय का?”

“हाय जरा.”

“मग शाल तुमी न्या की. न्हायतर ऱ्हाऊ द्या, मीच येतो उद्या. एकटी असती ती.”

कार्यक्रम चांगला झाला. हे लिहायला जड जातं, पण झाला. कीर्ती तयारीनं गायली. ‘माय माझी चुलीपुढं’ला लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. मागून कोरस आला, स्वच्छ, मोजून मापून, तीन बायकांसारखा. कीर्तीनं एक अंतरा उडवायचा तो ठरवून उडवला आणि यशपालनं बटण दाबलं. काही सुटलं नाही, कुणाला आधार द्यावा लागला नाही. आक्का नाही हे त्या मैदानात फक्त पुढच्या रांगेला कळत होतं. सिदू मधल्या गाण्यालाच सुना-नातवंडांना घेऊन उठला. अकरा खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या दिसत राहिल्या. मी ढोलकीकडं बघत वाजवलं.

दोन दिवसांनी, मंगळवारी दुपारी, आक्का दुकानात आली. जयभीम घातला नाही. काउंटरवर मोटार उघडून ठेवलेली होती, तिच्या बाजूला तिनं आपलं मनगट ठेवलं.

“बघ ताप.”

“आक्का, मला त्या वक्ताला सुचलं न्हाय.”

“नियम लिवताना सुचलं की. लाल शाई सुदिक सुचली.”

मी स्टूल पुढं केलं. ती बसली नाही.

“सिदू मोसंबी घिऊन आला. खाडा करून आला कामाचा. मी भाकऱ्या थापत हुते, धडधाकट. दारात उभा ऱ्हाऊन बघतोय नुसता.”

“मग काय सांगितलंस?”

“खरं सांगितलं. मला काडलं म्हनलं. तर म्हनतोय, का? तालमीला आले न्हाय म्हनलं.” तिनं काउंटरवरची तार उचलून परत ठेवली. “मग म्हनला, म्हंजे आक्का, तुला गानं नीट येत न्हवतं व्हय? तालीम लागती म्हंजे कच्चं असंल की, असं वाटलं त्याला. बरोबर हाय त्याचं. पोती उचलनारा मानूस. त्याला काय ठाव.”

मी ती तार उचलून गुंडाळायला लागलो.

“बावीस वर्सं मी तुज्या हाताखाली ओळ धरलीय, धर्मा. आन माज्या भावाला वाटतंय मला गानं येत न्हाय. शाल परत घिऊन गेला. मीच म्हनलं, घिऊन जा.”

“तालीम परत रविवारी करू, तू ये, आक्का. मी बोलतो यशपालला.”

“काय बोलतोस? दुसरा कागद लिवतोस?” तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. “मी येत न्हाय. एकच काम कर. त्या कागदावर माजी सही हाय. ती खोड. मला काडायला माजीच सही नगं.”

आणि गेली. आठाच्या आत भाकरी व्हायची होती.

संध्याकाळी मी दुकानातली कात्री खिशात घालून विहारात गेलो. आधी ब्लेडनं सही खरवडून बघितली. वर प्लॅस्टिक. ओरखडे उठले, सही खाली तशीच, सुटी सुटी अक्षरं. मी नीट करून आणलेला कागद होता तो, कशानं खराब होऊ नये म्हणून. मग पत्रा कापायच्या कात्रीनं तेवढा तुकडा कापून काढला. दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात नेऊन दिला. तिनं बघितला आणि चुलीत न टाकता डब्याखाली ठेवला.

पण ते दुसऱ्या दिवशीचं. त्या संध्याकाळी मी कात्री आणि भोक पडलेला कागद घेऊन भिंतीशी उभा होतो, तेव्हा मागून कीबोर्ड थांबला. यशपाल म्हणाला, “दादा, ते टांग परत. त्यानं शिस्त ऱ्हाती. आणि सात वाजून वीस झालेत. आजचा धरला तर तुजे दोन खाडे झाले.”

कोरसच्या दोघी माझ्याकडं बघत होत्या. मधली जागा त्यांनी अजून सरकून भरली नव्हती.

मी कागद खिळ्याला टांगला आणि ढोलकी घेऊन बसलो. कीर्ती आली नव्हती.