सोमवारचा कौन्सिलर

स्टॉकहोममधल्या जर्मन वकिलातीचे गुप्त संदेश आमच्या स्वीडनच्याच तारांवरून जायचे-यायचे, आणि आम्ही काही जणी ते उलगडून वाचायचो. घर भाड्यानं द्यावं आणि भिंतीला कान लावून बसावं, तसला प्रकार. पण माझा धाकटा भाऊ टॉर्स्टेन नॉर्वेच्या सरहद्दीवर बंदूक घेऊन उभा होता. नॉर्वे जर्मनांनी घेतलंच होतं; पलीकडून त्यांची फौज येणार असली, तर ते आधी कळायची दुसरी सोय नव्हती. म्हणून मी मुकाट्यानं अक्षरं जुळवत बसायचे.

आमचे कागद परराष्ट्र खात्यात सिक्स्टेनसाहेबांकडे जात. माणूस खानदानी, म्हणजे डोक्याला ताण द्यायची सवय नव्हती. आम्हा स्वीडिश लोकांत समोरच्याला ‘तू’ म्हटलं तर उद्धटपणा, ‘तुम्ही’ म्हटलं तर अपमान. हुद्दा घेऊनच बोलायचं. हुद्दा ठाऊक नसेल, तर माणसं हवापाण्यावर अख्खी संध्याकाळ काढतात. आणि समोरच्याचा हुद्दा घेण्यात आपण कधी चुकलो नाही, याचा सिक्स्टेनसाहेबांना फार अभिमान.

एका शुक्रवारी बर्लिनहून संदेश आला. वकिलातीतले सेक्रेटरी ब्रांडाउ यांना बढती देऊन कौन्सिलर केलं आहे, सोमवारी त्यांना कळवावं. असल्या फुटकळ बातमीसाठी डोळे फोडले म्हणून आम्ही करवादलो, आणि कागद पुढे धाडला.

शनिवारी खात्याची मेजवानी होती. माझं जर्मन बरं, म्हणून मला दुभाषी म्हणून बसवलं होतं. ब्रांडाउ समोर आला, आणि कौन्सिलरला सेक्रेटरी म्हणायला सिक्स्टेनसाहेबांची जीभ रेटेना.

“कौन्सिलरसाहेबांनी हेरिंग मासळी चाखली का?”

ब्रांडाउ हसला. “गरिबाची थट्टा करताय होय? मी आपला साधा सेक्रेटरी.”

“सोमवारपर्यंत,” सिक्स्टेनसाहेब म्हणाले.

हे भाषांतर करायची वेळच आली नाही. तेवढं स्वीडिश ब्रांडाउला येत होतं. त्यानं हेरिंग खाल्ली, आभार मानले आणि लवकर निघाला.

पुढच्याच आठवड्यात जर्मनांनी सगळी सांकेतिक लिपी बदलली. आमच्यापुढे अक्षरांची खिचडी उरली. रीतसर चौकशी झाली. साहेबांनी पाहुण्याचा हुद्दा चुकीचा घेतला का? नाही. मग चूक कसली? रागानं मला रडू आलं, आणि ते दाखवायचीही सोय नव्हती.

त्या रविवारी टॉर्स्टेनचा फोन आला. मी कुठल्याशा सरकारी कचेरीत टंकलेखन करते, एवढंच त्याला माहीत.

“ताई, पलीकडे गाड्यांची घरघर वाढलीय. तुमच्याकडे काही कानावर? रात्री बूट काढून झोपू ना?”

एरवी मी खुशाल ‘काढ’ म्हणायचे, कारण मला ठाऊक असायचं.

“घालूनच झोप,” मी म्हणाले.