हळदीच्या कापडावरचा हात

लकडगंजच्या मागच्या विणकरांच्या वस्तीत त्या रविवारी सकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. ओट्यांवर बायका, कौलांवर पोरं, नळाच्या कठड्यावर चार म्हातारे. चौकात एक बाज टाकली होती. बाजेवर हळदीत बुचकळलेलं ओलं कापड ताणून अंथरलं होतं आणि उशाशी कन्हानचे मांत्रिक भैयाजी उभे होते. कपाळभर शेंदूर, गळ्यात कवड्या, आणि आवाज असा की लाउडस्पीकरवाल्यानं दुकान बंद करावं.

"आग बोलली, तुम्ही नाही ऐकलं! लिंबू बोललं, तुम्ही नाही ऐकलं! अब कपडा बोलेगा! आठ वर्षांच्या लेकराचं खून कोण पिऊन राहिली, ते कपडा सांगेल. जिनं पिलं, तिच्या हाताचा ठसा लाल!"

पंचफुला गर्दीच्या टोकाला पोचली तेव्हा तिला वाटलं, नळाला पाणी आलं असेल. चाळिशी ओलांडलेली ही विधवा मोठ्या दवाखान्यात, रक्ततपासणीच्या खोलीत काचा धुवायची. शाळा दुसरीपर्यंत. पुढचं शिक्षण काचा धुता धुता, डॉक्टरीणबाईंना प्रश्न विचारून त्यांचं डोकं खाऊन झालेलं. ज्या लेकराचं रक्त कोणीतरी पीत होतं म्हणे, ती शामला तिच्या धाकट्या भावाची, कवडूची, आईवेगळी पोर. तिला भरती करून घ्यायची चिठ्ठी पंचफुलाच्या पिशवीत होती. अंगणात पाऊल टाकायचं आणि पोरीला रिक्षात घालायचं, एवढ्याच बेतानं ती आली होती.

वस्तीतल्या वीस-बावीस बायका न्हाऊनधुऊन रांगेत उभ्या होत्या. एकेकीनं हात टेकवला. कापड पिवळं ते पिवळंच. प्रत्येक हातासरशी भैयाजी डोळे मिटायचे, मान हलवायचे, पुढं सरकायला सांगायचे. मग त्यांनी गल्लीच्या तोंडाकडे बोट केलं.

"ती राहिली."

ती म्हणजे बायजाबाई. साठीची, काटक, एकटी. सोड्याच्या पाण्यात सूत उकळून द्यायची तिची भट्टी होती. शामलाची आई गेल्यापासून तिनंच त्या पोरीला घास भरवले होते.

"हात त धुऊ द्या गा," बायजाबाई म्हणाली.

"नाही! जशी आहेस तशी ये. देवाला साबणाचा हात चालत नाही!"

बाकीच्या बायकांनी मात्र आंघोळ करूनच यावं असा कालच निरोप फिरला होता. ते कोणाला आठवलं नाही.

बायजाबाईनं तळवा टेकवला, उचलला. आणि पिवळ्या कापडावर पाच बोटं उमटली. आधी विटकरी, मग लाल. तळव्यावरच्या रेघांसकट.

एक बाई किंचाळली. मग सगळाच चौक.

पहिला हात कवडूचा पडला. त्यानं म्हातारीचे केस मुठीत धरले आणि तिला बाजेपासून ओढून खाली पाडलं. "माह्या पोट्टीचं रक्त पिऊन राहिली होती वं तू! माह्याच घरात बसून!" कोणाची तरी लाथ तिच्या बरगडीत बसली. आवाज झाला, वाळली काडी मोडावी तसा. "दात पाडा!" मागून कोणी ओरडलं. "दात पडले का मंतर फुटत नाही!" लगेच कोणाच्या तरी घरातून वरवंटा आला. काल त्याच्यावर चटणी वाटली असेल, आज तो म्हातारीच्या तोंडावर बसला. ओठ फाटला. दोन दात रक्तात वाहत हनुवटीवर आले.

पंचफुला कोपरांनी वाट काढत घुसली आणि बायजाबाईच्या अंगावर आडवी पडली. दुसरा घाव तिच्या कपाळावर आला.

"बाई, हट!" कवडू ओरडला. "हिनं शामलाले खाल्लं!"

"मार. मले मारून झालं का हिले मार," पंचफुला म्हणाली. रक्त तिच्या भुवईवरून डोळ्यात उतरत होतं. "पण पयले त्या कापडावर तुहा हात ठेव."

"काहून?"

"भेतं काय?"

"अरे, चेटकीण बाईच असते!" भैयाजी घाईनं मध्ये पडले. "मर्दाचा हात कपडा नहीं पढता!"

पण भित्रा म्हटलं की कवडूला दम निघत नसे, हे बहिणीला पुरतं ठाऊक होतं. त्यानं कापडावर थाडकन हात मारला. सकाळपासून तोही भट्टीवरचं सूत पिळत होता. बायजाबाईच्या लाल हाताशेजारी दुसरा लाल हात उमटला. मोठा, रुंद, जास्त ठळक.

लोक दोन पावलं मागं सरले.

"याच्यात शिरली! पकडो इसको!" भैयाजी गरजले, आणि तोच वरवंटा कवडूकडे वळला. कालपर्यंत ज्यांच्यासोबत चहा पिला, ती माणसं आपल्या तोंडाकडे दातांच्या हिशेबानं पाहताना कवडूनं पाहिली.

पंचफुला धडपडत भट्टीकडे गेली, पोत्यातून सोड्याची मूठ भरली आणि कापडावर उधळली. ओल्या हळदीवर गोवर उठावा तसे लाल ठिपके उठले.

"घ्या! आता त्या पोत्याचे दात पाडा! त्यानं कोनाचं रक्त पिलं, इचारा त्याले!"

कौलावरचं एक पोर खिदळलं. त्या सकाळी चौकात झालेली ती पहिली शहाणी गोष्ट.

पंचफुलानं भैयाजींच्या पूजेच्या ताटातलं लिंबू उचललं, दातानं फोडलं आणि बायजाबाईच्या ठशावर पिळलं. लाल बोटं एकेक करून पुन्हा पिवळी झाली.

"हळदीच्या डागाले साबण लावला का तो लाल होते, हे तुमच्यातल्या कोन्या बाईले माहीत नाई वं?" तिनं विचारलं. "सोड्यानंही तसंच होते. हिचा हात सोड्यात भिजलेला. तुमचे न्हाऊन धुतलेले. मांगच्या अवसेले पोट्टीच्या पोटावर तापल्या विळ्याचा डाग द्यायची शेगडी हिनं लाथेनं उलटवली, 'पोट्टीले पुन्हा हात लावू देनार नाई' म्हनाली. तवा भैयाजीले चेटकीण सापडली."

बायका खाली पाहू लागल्या. साऱ्याजणींना माहीत होतं. धुण्याच्या दगडावर जे रोज कळत होतं, ते चौकात आल्यावर कोणालाच कळलं नव्हतं.

नळाच्या कठड्यावरून बाबाराव उतरले. वस्तीतले सर्वांत म्हातारे. "ते समदं ठीक आहे वं पंचफुला. पण पोट्टी पांढरी पडून राहिली, हे त खोटं नाई ना? डॉक्टरनं लोखंडाच्या औषधाच्या दोन बाटल्या पाजल्या. रक्त काही वाढलं नाई. मंग ते लोखंड गेलं कुठं?"

प्रश्न खरा होता. भैयाजींचं सगळं दुकान याच प्रश्नावर चालत होतं. पंचफुलालाही तो पडला होता आणि तिनं तो दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना, प्रेमलताबाईंना, विचारला होता.

ओट्यावर गोधडीत गुंडाळलेल्या शामलाजवळ ती गेली. पोरीचे ओठ कागदासारखे झाले होते. "आत्या, बुढीमायले काहून मारलं?" तिनं पुटपुटत विचारलं. पंचफुलानं तिचा झगा वर केला. पोटावर तीन डाग. तापल्या विळ्याचे, तीन अवसांचे. तिन्ही चिघळलेले, पू वाहणारे. वास आला तसे पुढचे लोक तोंड फिरवू लागले.

"फिरवू नका तोंड. पाहा," ती म्हणाली. "पावसाळ्यात हिच्या मांडीले गळू झालं, म्हणून जराशी पांढरी पडली होती. तेवढ्यावरून पयला डाग दिला. बाबाराव, लोखंड कुठंच गेलं नाई. बुधवारी डॉक्टरीणबाईनं हिच्या हाडातला मगज थेंबभर काचेवर घेतला. त्याले असं औषध लावते का लोखंड निळं दिसते. ती काच माह्या हातात होती. दुर्बिणीत पाह्यलं, निळेच्या निळे ढीग! कोठी भरलेली आहे. पण कोठीले कुलूप आहे."

"कुलूप कोणं लावलं?"

"हिच्याच आंगानं. घरात चोर शिरला त तुमी दाणे उघडे ठेवता काय? या पुवात जंतू हायेत. त्याईलेही लोखंड लागते. म्हणून आंग कोठी बंद करते. आन् मगजातले जे कारागीर लाल रक्त घडवते, त्यातले कित्येक लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घडवाले लावते. चार दिवसाच्या तापात हे शहाणपण असते. पण तुमी दर अवसेले नवा चोर आत सोडला. एक डाग सुकत नाई त दुसरा! कुलूप निघन कधी? पोट्टी जितकी पांढरी पडली तितके डाग दिले, अन् जितके डाग दिले तितकी ती पांढरी पडली."

गर्दीतून कवडू पुढं आला.

"बाई... डाग देतेवेळी हिचे पाय म्या धरले होते."

"हाव," पंचफुला म्हणाली. "माहीत आहे मले."

तो आपल्या हाताकडे पाहत राहिला. पलीकडे कापडावर त्याचा ठसा अजून लालच होता. लिंबू त्याच्यावर कोणी पिळलं नव्हतं.

भैयाजी कवड्या सावरत गल्लीत सटकत होते. लोकांनी धरलं. ज्यांच्या हाती वरवंटा होता, त्यांच्याच हाती अजून तो होता आणि रागही तोच होता, फक्त तोंड बदललं होतं. पंचफुलानं वरवंटा हिसकून घेतला.

"याचे दात राहू द्या. पोलिसाइपुढं बोलाले लागतीन."

एका रिक्षात शामला आणि कवडू, दुसऱ्या रिक्षात बायजाबाई आणि पंचफुला, अशी वरात दवाखान्यात गेली. पेनिसिलीनची इंजेक्शनं झाली, रोज मलमपट्टी झाली. डाग सुकले. तिसरी लोखंडाची बाटली फोडावीच लागली नाही. दीड महिन्यानं पोरीच्या नखांखाली गुलाबी रंग दिसला, आणि प्रेमलताबाईंनी रक्ताचा आकडा दाखवला तेव्हा पंचफुलाला त्याचा अर्थ विचारावा लागला नाही.

बायजाबाईच्या बरगड्या जुळल्या. दात उगवले नाहीत. शामला ताटात भाकर बारीक कुस्करायची, दूध घालायची आणि म्हणायची, "बुढीमाय, आ कर." भट्टीवर कवडू सूत उकळायचा. म्हातारीनं त्याला माफ केलं की नाही हे तिनं कधी सांगितलं नाही, आणि विचारायची त्याची छाती झाली नाही.

दर अवसेला पंचफुला चौकात एक पिवळं कापड आणि सोड्याची मूठ घेऊन बसू लागली. पोरांना ठसे उमटवू द्यायची, लिंबानं पुसू द्यायची. मोठी माणसं घुटमळली की त्यांना एवढंच सांगायची: "लेकरू पांढरं पडलं त रक्त कोन पिऊन राह्यलं हे इचारू नका. रक्त काहून बनून नाई राह्यलं, हे इचारा. पयल्या प्रश्नानं एका म्हातारीचे दात गेले. दुसऱ्यानं आमची पोट्टी वाचली."