हॉर्नमधला कळक

मुलांनो, जरा डोळे मिटा. पितळेची एक नळी डोळ्यांपुढे आणा. दोन मोठी माणसं एकमेकांच्या डोक्यावर उभी राहिली तरी पुरी पडणार नाहीत इतकी लांब. आता ती जिलबीसारखी गोल गोल वळवा. एका टोकाला करंगळी जेमतेम शिरेल एवढं तोंड ठेवा आणि दुसरं टोक धोतऱ्याच्या फुलासारखं उमलू द्या. झाला हॉर्न. तो कुवेतमध्ये, शर्कच्या मासळीबाजारामागे, एका छोट्या दुकानातल्या लाकडी बाकावर ठेवा. बाकाशेजारी दहा वर्षांची मुलगी उभी करा. तिचं नाव सुरैया. तिचे दोन्ही हात पाठीमागे आहेत. का, ते आता ऐका.

साल होतं १९६२. जानेवारीतला गुरुवार. सुरैयाचे अब्बा, उस्मान, मूळ रत्नागिरीच्या राजिवड्याचे. दुकानात ते प्राइमसचे स्टोव्ह दुरुस्त करत, अरबांच्या कॉफीच्या दल्ल्यांना, म्हणजे लांब चोचीच्या किटल्यांना, नव्या चोची बसवत. फुटक्या पितळेला असा डाख देत, की जोड बोटाला लागायचा नाही. सुरैया शाळेतून घरी जायची आणि अम्मीने भरलेला डबा घेऊन दुकानात यायची.

त्या दिवशी ती आली तेव्हा दुकानात एक उंच, पिंगट केसांचा माणूस बसला होता. शेजारी जाफरचाचा होते. ते श्रीवर्धनचे. एका मोठ्या कार्यालयात कारकून होते आणि त्यांचं इंग्रजी चांगलं होतं.

"ऑस्ट्रियाहून ऑर्केस्ट्रा आलाय, उस्मानभाय," जाफरचाचा सांगत होते. "सत्तर माणसं. संध्याकाळी सात वाजता कार्यक्रम. हे योझेफसाहेब. योझेफ म्हणजे आपला यूसुफच की. यांचं वाद्य विमानातून उतरवताना आपटलं."

अब्बांनी हॉर्न उजेडात धरला. मधल्या नळीचा जोड उघडला होता आणि दोन ठिकाणी पोचा आला होता.

"इंग्रजांच्या क्लबात असला एक बाजा आहे म्हणतात," ते म्हणाले. "आजच्यापुरता तो घ्यायला सांग. मला घाईत हे काम नको."

जाफरचाचांनी विचारलं. योझेफ बराच वेळ बोलला, हातवारे करत.

"ते म्हणतात, क्लबातला हॉर्न सोपा आहे, दणदणीत वाजतो. पण त्यांच्या गावचा नाही. यांच्या गावात बापजाद्यांपासून हाच अरुंद नळीचा हॉर्न चालतो. वाजवायला महाकठीण. ओठ जरा हलला की सूर फाटतो. बाकी जगाने सोडला, यांनी नाही सोडला. हॉर्न चार असतात, पण ऐकणाऱ्याला चौघांचा मिळून एक गळा वाटला पाहिजे. मध्ये दुसरीकडचा हॉर्न आला की कान लगेच ओळखतात."

"असं होय," अब्बा हसले. "आम्ही चार राजिवडेकर बोलत बसलो आणि मध्ये तुझ्यासारखा श्रीवर्धनचा तोंड घालायला आला, की होतं तसं."

"आमचं बोलणं निदान गोड आहे. तुमचं ऐकलं की वाटतं, मासळीवरून भांडण चाललंय."

योझेफने हसण्याचं कारण विचारलं. जाफरचाचांनी सांगितलं तेव्हा त्याने मांडीवर थाप मारली. अगदी तसंच, तो म्हणाला. मग त्याचं हसू मावळलं. त्याने जाफरचाचांच्या तोंडून दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी, की आजच्या कार्यक्रमात एका ठिकाणी सगळा ऑर्केस्ट्रा गप्प बसतो आणि पहिला सूर एकट्या त्याचा असतो. दुसरी, की नळीचा पत्रा कागदासारखा पातळ आहे. आच एकदाच, तीही थोडी. पुन्हा तापवला तर शेजारचे जुने जोड सुटतील आणि मग हॉर्न हॉर्न राहणार नाही. तोंडाकडचा गोल वेढा तेवढा सुटा होता. तो त्याने ओढून काढून दाखवला आणि परत बसवला. बाकी सगळं डाखाने जोडलेलं.

अब्बांनी श्वास रोखूनच काम केलं. पोचे आतून लाकडी गोळीने उठवले, जोडावर क्षणभर ज्योत फिरवली, डाख धरला. चारच्या सुमाराला त्यांनी हॉर्न बाकावर ठेवला.

"गार होऊ दे. मी नमाज पढून येतो. तुम्ही चहा पिऊन या. सुरैया, मासळीबाजाराची मांजरं येतात, लक्ष ठेव. पण हात लावायचा नाही."

सगळे गेले. सुरैया हॉर्नजवळ बसली. ओठांना लावायची चांदीची वाटी योझेफने काढून खिशात टाकली होती. ती बसते त्या तोंडातून सुरैयाने आत डोकावलं, आणि दचकली. आत हिरवं होतं.

कळक! कोकणातलं कुठलंही पोर हा हिरवा रंग ओळखतं. पितळेची कल्हई उडाली की भांड्यात आंबट पदार्थ कळकतो आणि खाणाऱ्याला ओकाऱ्या होतात. गेल्या वर्षी नूरजहाँखालाकडे कळकलेलं सार पिऊन पाच माणसं आडवी झाली होती. आणि हा माणूस याच नळीला तोंड लावून रोज दम भरतो! सातला स्टेजवर बसल्यावर त्याच्या पोटात कळ आली तर?

फळीवर अम्मीने दिलेला सोलांचा डबा होता. काळवंडलेली पितळ उजळायला आमच्याकडे कोकमाच्या सोलासारखं दुसरं काही नाही. सुरैयाने एक ओलं सोल तारेच्या टोकाला टोचलं, नळीत घातलं आणि हळूहळू फिरवलं. तार बाहेर ओढली तेव्हा तिच्यावर हिरवट चिखल होता.

सोल नव्हतं.

तिने हॉर्न उलटा केला, हलवला, तार पुन्हा घातली. तार पहिल्या वळणावर अडली. बाहेर चपला वाजल्या. तिने तार गोणपाटाखाली सारली आणि हात पाठीमागे घेतले, तोवर तिघेही आत आले.

योझेफने वाटी बसवली, डोळे मिटले आणि फुंकर घातली. पहिला खालचा सूर दुकानभर पसरला, इतका मऊ की जाफरचाचांनी सोबत आणलेला चहाचा कप खाली ठेवला. मग तो वर गेला. मधल्या सुरावर कुणीतरी तोंडावर हात दाबावा तसा आवाज झाला. त्याने पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच.

 अब्बांनी पुढे होऊन जोडावरून अंगठा फिरवला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"डाख आत ओघळला असणार," ते हळू म्हणाले. "माझा हात चुकला. उघडून पुन्हा धरावा लागेल."

"पण पुन्हा तापवलं तर..."

"मला माहीत आहे, जाफर! दुसरा काय उपाय आहे, तूच सांग."

जाफरचाचांनी ते इंग्रजीत सांगितलं. योझेफने घड्याळ पाहिलं. पावणेपाच. पाच वाजता त्याला न्यायला गाडी येणार होती.  मग त्याने हॉर्न अब्बांपुढे धरला आणि होकारार्थी मान हलवली.

अब्बांनी ब्लोलॅम्पला पंप मारला. काडी पेटेना. दुसरीही पेटेना.  अब्बा आपल्याला मारणार नाहीत, हे सुरैयाला ठाऊक होतं. पण परक्या पाहुण्यापुढे, जाफरचाचांपुढे, उस्मानच्या मुलीने सांगितलेलं ऐकलं नाही, हे उघडं पडणार होतं. गप्प राहिली तर कुणाला काही कळणार नव्हतं. अब्बा मात्र जन्मभर म्हणत राहणार होते, माझा हात चुकला.

तिसरी काडी पेटली. निळी ज्योत फुत्कारत नळीकडे वळली.

"अब्बा, नका!" सुरैयाचा आवाज चिरकला. "तुमचा हात नाही चुकला. आत सोल आहे. मी घातलं."

"काय आहे?"

"सोल. कळक होता आत. साहेबांना ओकाऱ्या झाल्या असत्या. मी काढायला गेले आणि ते तारेवरून निसटलं."

अब्बांनी ब्लोलॅम्प विझवला. ते तिच्याकडे वळले.

"हात लावू नको म्हटलं होतं ना तुला?"

"होय, अब्बा."

योझेफ दोघांकडे आळीपाळीने बघत होता. "अरे, याला सांगू काय?" जाफरचाचा कळवळले. "सोलाला इंग्रजीत म्हणतात काय?" मग त्यांनी आंबट फळ, साल, पोट, ओकारी अशा खाणाखुणा करून कसंबसं सांगितलं. योझेफचा चेहरा आधी लाल झाला. मग त्याने सुरैयाला एकच गोष्ट विचारली. जाफरचाचा म्हणाले, "विचारतायत, कुठवर गेलंय?"

सगळा प्रश्न तोच होता. सोल सुट्या वेढ्यात असेल तर वेढा ओढून काढायचा, की काम झालं. त्याच्या पुढे गेलं असेल तर ज्योतीशिवाय मार्ग नव्हता. आणि योझेफने दोनदा फुंकलं होतं; त्या दमाने ते पुढे सरकलं असेल तर?

सुरैयाने हॉर्न दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतला. या वेळी कुणी तिला अडवलं नाही. दल्ल्याचा तडा शोधताना अब्बा करत तसा तिने नळीला कान लावला आणि नखाने टिचकी मारली. टण्. थोडं पुढे, टण्. वळणावर, टण्. गाडीचा भोंगा रस्त्यावर वाजला, पण तिने मान वर केली नाही. वेढा संपत आला. मोठ्या नळीचा जोड दोन बोटांवर राहिला. तिने टिचकी मारली.

ठप्.

तिने मागेपुढे पुन्हा वाजवून पाहिलं. टण्, ठप्, टण्.

"इथं. सुट्या वेढ्यातच आहे," ती म्हणाली. त्या जागेवरचं बोट न हलवता तिने वेढा धुवायला दुसऱ्या हाताने पाण्याची किटली जवळ ओढली.